आखडलेल्या हातांची हजेरी

चहाचा कप मी अजूनही दोन्ही हातांनी धरते. नवख्या माणसाला वाटतं, बाईंना थंडी वाजतेय. खरं कारण असं की सकाळी नऊपर्यंत माझी बोटं कपाच्या कानात शिरत नाहीत, आणि कप गरम असला की तेवढाच फुकटचा शेक मिळतो. आता हे मी कोणालाही हसत सांगते. पण पहिली तीन वर्षं हे कारण मी जिवापाड लपवलं, आणि त्या तीन वर्षांत जितकी भेदरून जगले तितकी पुढे कधी जगले नाही. नर्सच्या आठवणी म्हणजे अडलेल्या बाळंतिणींच्या कथा हव्यात, हे मला कळतं. त्या माझ्याकडे गोणीभर आहेत. पण माझ्या नोकरीतली खरी परीक्षा झाली ती खडी फोडायच्या कामावर, आणि तिथे कोणी बाळंत होत नव्हतं.

बहात्तर साली मी पारनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर होते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, सुया उकळायचं भांडं आणि मी. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत मी आणि माझी आई. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला, म्हणून नर्सिंग शिकले. आईला माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मला तिच्याशिवाय. नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की व्हायची तर आरोग्य केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून ‘कामास योग्य’ असा दाखला द्यायला हवा होता. त्या दाखल्यावर आम्हा दोघींचं जेवण अवलंबून होतं. आणि माझी बोटं सुजायला लागली होती.

दोन्ही हातांची मधली बोटं एकदमच धरली. आधी वाटलं, धुणं जास्त झालं. मग सकाळी उठल्यावर हात मिटेना, वेणी घालता येईना. नगरला जाऊन एका डॉक्टरांना गुपचूप दाखवलं. ते म्हणाले, हा म्हातारपणी झिजून होणारा वात नाही, हा तरुणपणीच धरतो, सांध्यांना आतून सूज आणतो, आणि बरा होईल असं मी सांगणार नाही. पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनी पोटात आग पडायची. पण त्याच दवाखान्यात हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या खरं तर महारोग्यांच्या वाकड्या बोटांसाठी नेमलेल्या. तेव्हा कुष्ठरोग हा शब्द कागदावर असायचा, तोंडात महारोगच. त्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि मला जन्मभर पुरेल एवढं अर्ध्या तासात शिकवलं.

ते फार सोपं आहे. सांधा रोज हलवायचा, जिथपर्यंत आपणहून जातो तिथपर्यंत, हळू. ढकलायचा नाही. सांधा गरम आणि लाल असेल त्या दिवशी त्याला उशी देऊन स्वस्थ ठेवायचं. व्यायाम केल्यावर दोन तासांनीही दुखत राहिलं तर समजायचं, आज जास्त झालं, उद्या निम्मं. आधी शेक, मग व्यायाम. बोटांसाठी त्यांनी इंग्रजी नावाचा काही प्रकार दाखवला, तो मी घरी येईपर्यंत विसरले. मग माझ्या लक्षात आलं की आपल्या बायका दिवस मोजताना अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत जातात, तेच ते. चार बोटांची बारा पेरं. अंगठा प्रत्येक पेरावर पोचला की हात पुरता फिरून होतो. तेव्हापासून मी रोज सकाळी अंथरुणातच बारा पेरं मोजते. सुरुवातीला चारावर अडायचे.

बाकी सगळं लपवाछपवीचं. पोलक्याचे हूक आई लावायची, वेणी आई घालायची, दवाखान्याचा कडी-कोयंडा आई काढायची. पहाटे कोणी दार वाजवलं की मी अंधारातच बोटं मिटून बघायची. बाळाला घड्याळ कुठे कळतं? मी जाऊन आधी पाणी तापवायला सांगायची आणि त्या कढत पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून पंधरा मिनिटं बसायची. बोटं सुटायची. गावात माझं नाव झालं की नर्सबाई हात लई धुत्यात, लई सोच्छ बाई. मी मान डोलवायची आणि मनातून मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. एखाद्या दिवशी बोटं नाही सुटली तर, हा विचार मी करतच नव्हते म्हणणं खोटं आहे. मी दुसरा विचारच करत नव्हते.

गावात सांधे धरलेल्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्या मला लांबून ओळखू यायच्या. घागर कशी उचलते, पायरी कशी उतरते यावरून. त्यांच्याकडे त्यावर उपाय म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचं तेल गरम करून सांध्यावर लावायचं, कातडी भाजून फोड आला की वात बाहेर पडला. मी त्यांना बिब्बा सोडून पेरं मोजायला लावू लागले. स्वतःचं सांगायचं नाही, फक्त त्यांचं ऐकायचं.

आणि पहिल्याच झटक्याला एक घोळ केला. कोंडाबाई नावाची चाळिशीची बाई होती, उजवा गुडघा धरलेला. मला शिकवायची हौस. गुडघा गरम होता हे हाताला कळलं होतं, तरी म्हटलं, थोडा वाकवला तर मोकळा होईल, आणि दाबून वाकवला. ती ओरडली नाही, नुसती पांढरी पडली. आठ दिवस तिला उठता आलं नाही. मग घरच्यांनी बिब्बा लावला, तो चिघळला, आणि पुढे ती गुडघ्यावर हात ठेवूनच चालली. मी पट्टी करायला गेले तेव्हा तिने सुनेला सांगितलं, बाईला म्हणावं घरात येऊ नको. मी तिच्या दारावरून जाताना आजही मान खाली घालते. ती नाही आता.

त्या मानाने सुभेदार तात्यांचं प्रकरण हसण्यावारी गेलं. तात्या फौजेतून निवृत्त होऊन आलेले, डावा गुडघा अगदी कुरकुरणारा. हा मात्र झिजेचा वात. मी सांगितलं, बाजेच्या कडेला बसायचं, पाय सरळ समोर उचलायचा, पाच मोजायचे, हळू खाली ठेवायचा. असं पाच वेळा. तात्यांनी ते शंभर वेळा केलं. तिसऱ्या दिवशी गुडघ्याचा भोपळा. वर मलाच दटावणी की मिल्ट्रीत पाचाला कोण मोजत न्हाई, पाच म्हंजी इनोद. मी म्हटलं, तात्या, हा गुडघा मिल्ट्रीतून सुटलाय. ते आठवडाभर बोलले नाहीत, पण नंतर पाचच करू लागले, आणि गुडघा वळणावर आला. फक्त गावात कोणाला सांगायचं नाही, अशी अट घातली. मी म्हटलं, नाही सांगत. न सांगण्यात माझा हातखंडा होता.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरी तळाला गेल्या आणि गावाबाहेर रस्त्यासाठी खडी फोडायचं सरकारी काम निघालं. सगळं गाव तिथे. उन्हात ओळीने बायका बसायच्या, पुढ्यात दगड, हातात हातोडी. सकाळी सात वाजता हजेरी. मुकादम होते आमचे सुभेदार तात्या. दुपारी पोरांना सुकडी मिळायची, गोडसर पिठाची. कामावर नाव असेल त्याच घरच्या पोरांना. पाण्याचं एक पिंप टँकर भरून जायचा, त्यावर सगळं गाव, मग हात बुडवायला घरी कढत पाणी कुठलं? मी तव्यावर वाळू परतून फडक्यात बांधू लागले आणि त्या पुरचुंडीत हात खुपसून बसू लागले. ती वाळूही आई परतायची.

मला आठवड्यातून तीनदा त्या कामावर जावं लागे. ठेचलेली बोटं, डोळ्यात उडालेल्या कपच्या, ऊन लागलेली पोरं. तिथे गयाबाई मला दिसली.

गयाबाई तिशीची होती, माझ्याच वयाची. नवरा जनावरं घेऊन छावणीत गेलेला, पदरात दोन मुलं. तिच्या दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे झुकलेली होती, वाऱ्याने ज्वारी कलते तशी. मनगटावर बिब्ब्याचे काळे डाग. मी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं, हा माझाच आजार होता, चार वर्षं पुढचा. मी तिच्याजवळ बसले. पेरं मोजायला लावली. ती पाचावर अडली. तिने विचारलं, सकाळच्याला बोटं मेल्यावानी का हुत्यात. मी म्हटलं, रात्रभर न हलल्यामुळे सांध्यात सूज साचते, हलवली की हळूहळू ओसरते. ती म्हणाली, बाई, तुमाला कसं ठावं. मी म्हटलं, शिकलेय.

गयाबाई हजेरीला नऊला पोचायची. सकाळी तिच्याच्याने लुगडं नेसणं व्हायचं नाही. दुपारनंतर मात्र ती हातोडी धरून बऱ्यापैकी खडी पाडायची. यातच सगळा गोंधळ होता. ओव्हरसियर साहेब तरुण होते, कामाला चोख, मनाने वाईट नव्हते. त्यांनी तिचं नाव कमी करायचं ठरवलं. सकाळी यायचं नाही आणि दुपारी धडधाकट, म्हणजे ही सोंग करते, असं त्यांचं म्हणणं. गयाबाईने माझा पदर धरला. म्हणाली, काम गेलं तर पोरांची सुकडी जाईल, बाई, तेवढं तुमी बोला.

मी बोलायला गेले. साहेबांनी विचारलं, “सकाळी हात चालत नाही आणि दुपारी चालतो, असा कुठला आजार असतो हो, बाई?”

उत्तर माझ्या पदराखाली होतं. सकाळचीच वेळ होती, माझे हातही तेव्हा मिटत नव्हते. नुसते बाहेर काढून दाखवले असते तरी भागलं असतं. मी म्हटलं, “असतो, साहेब. पुस्तकात आहे.” आणि पुस्तकातली चार वाक्यं घडाघड बोलून दाखवली. वर असंही सांगितलं की खडीचं माप संध्याकाळी ढिगाला घेता, घड्याळाला नाही, मग नऊला आली काय नि सातला काय. आणि दगड फोडण्याने तिचे सांधे लवकर जातील, तिला हलकं काम द्या. हलकं काम म्हणजे पाणी वाटणं. पिंपाजवळ बसायचं आणि येईल त्याच्या ओंजळीत तांब्याने पाणी घालायचं. साहेबांनी विचार केला आणि हो म्हणाले. मी घरी जाताना हवेत चालत होते. एवढी मोठी गोष्ट स्वतःचं गुपित राखून साधली, म्हणून आईपुढे फुशारकीही मारली.

ही माझी चूक. आणि ती मी गावात तीन वर्षं राहून केली, म्हणून जास्त लागते. त्या गावात पाण्याला माणसं किती जपतात हे मला माहीत होतं. कोणाच्या हातचं कोण पितं, हे सगळं मला पाठ. गयाबाई शेतकऱ्याघरची, तो प्रश्न नव्हता, म्हणून मी निर्धास्त. पण वाकड्या बोटांकडे लोक कसे बघतात, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. हातोडी धरलेली बोटं कोणी बघत नव्हतं. तांब्या धरलेली बोटं सगळ्यांच्या तोंडासमोर आली.

चार दिवसांनी गेले तर पिंप काठोकाठ भरलेलं. गयाबाई बाजूला एकटी, तांब्या मांडीवर. भर उन्हात बायका पाऊण मैलावरच्या डबक्यावर जाऊन पाणी पीत होत्या. कोणी तिला वेडंवाकडं बोललं नव्हतं. नुसतं कोणी येत नव्हतं. तिच्या दोन पोरांना सुकडीच्या रांगेत शेवटी उभं केलं होतं, बाकीच्या पोरांपासून हातभर लांब. तात्या मला बाजूला घेऊन गेले. खाली बघत म्हणाले, “बाई, लोकं म्हंत्यात तिला म्हारोग हाय. आता पान्याचं न्हाई, कामावरनंच काडा म्हंत्यात. साहेब उद्या सकाळी येनार हायेत. म्या काय सांगू?”

त्या डबक्याचं पाणी पिऊन दोन पोरांना हगवण लागली होती, ती माझ्याच पिशवीतल्या औषधाने थांबवायची होती. म्हणजे माझ्या शहाणपणामुळे एका बाईची भाकरी जायची वेळ आली आणि बाकीचे घाण पाणी प्यायला लागले. मी घरी आले आणि जेवले नाही.

आईला सगळं सांगितलं. तिला माझ्या मनात काय आहे ते मी बोलायच्या आधीच कळलं. ती म्हणाली, “आपलं आपण बघ. हात दाखवलास की डॉक्टरपर्यंत जाईल. तिला सरकार काहीतरी देईल, आपल्याला कोण देणार आहे?” यात खोटं काही नव्हतं. पुढच्याच महिन्यात माझ्या दाखल्याची तपासणी व्हायची होती. मी तिला म्हटलं, बघू. मनाशी ठरवलं की पुन्हा पुस्तकातलंच सांगायचं, जरा जोरात सांगायचं.

सकाळी आईने हूक लावले, वाळू परतली. मी पुरचुंडी घेतली नाही. मुद्दाम असं नव्हे, मला वाटतं मी विसरले. आठ वाजता कामावर पोचले तेव्हा माझे हात अगदी लाकूड होते. ओव्हरसियर साहेब आलेले, तात्या हजेरीची वही घेऊन उभे, बायका ओळीत बसलेल्या पण हातोडी चालत नव्हती. गयाबाई पिंपाजवळ. त्या दिवशी ती कशीबशी सातला आली होती, लुगडं तसंच गुंडाळून, कारण उशीर झाला असता तर तेवढंच निमित्त झालं असतं.

मी पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. मागून एक बाई म्हणाली, पुस्तकात काय बी आसंल, आमाला पोरंबाळं हायेत. आणि खरं सांगते, मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मग मी गयाबाईचा हात हातात घेतला, पदराची पिन काढली आणि तिच्या बोटाला टोचली. ती किंचाळून म्हणाली, “आगं आई गं, बाई, मारता का काय?” दोघी-तिघी हसल्या. मी सगळ्यांना म्हटलं, महारोगात बोट बधिर होतं, टोचलेलं कळत नाही. हिला कळलं, तुम्ही ऐकलंत. हा वात आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागत असता तर तुमच्या घराघरात लागला असता.

ती मागची बाई म्हणाली, आमच्या घरात कसा?

तेव्हा मी पिशवी खाली ठेवली आणि पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले. गयाबाईच्या हातांशेजारी धरले. माझी बोटं तिच्याइतकी झुकली नव्हती, पण सुजलेली पेरं तीच, तशीच लाल चकाकी. मी मूठ मिटायला गेले. मिटेना. शंभर माणसांसमोर मी ती मिटायचा प्रयत्न करत राहिले आणि ती अर्ध्यावरच थांबली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दुखण्याने नव्हतं, भीतीने होतं. मी म्हटलं, “तीन वर्षं माझे हात असेच आहेत. तीन वर्षांतली तुमची सगळी पोरं याच हातांत पडलीत.”

 ओव्हरसियर साहेब माझ्या हातांकडे बघत होते, त्यांना पुस्तक आठवलं असावं. हौसा नावाची एक कोवळी पोर होती, तिची मुलगी पाच महिन्यांची, बाभळीला बांधलेल्या झोळीत. ती उठली. झोळीपाशी गेली, मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, ही बी? मी म्हटलं, ही बी. ती पिंपापाशी आली, खाली बसली आणि ओंजळ धरली.

“वाड गं, गयाबाय,” ती म्हणाली.

सकाळच्या आखडलेल्या बोटांत गयाबाईचा तांब्या कलंडला. निम्मं पाणी हौसाच्या मनगटांवरून खाली गेलं. दुष्काळातलं पाणी, पण त्यावर कोणी हळहळलं नाही. हौसा प्यायली. मग मी प्याले. मग तात्या पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले की आपला बी गुडगा वातानं धरलाय, बाईनं वळनावर आनला, कुनाला हसायचं तर हसा. हसलं कोणी नाही. दुपारपर्यंत पिंपाजवळ रांग लागली. तिघी-चौघी शेवटपर्यंत आल्या नाहीत, त्या घरून तांब्या भरून आणायच्या. त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. महारोगी माणसाच्या हातचं पाणी प्यायल्यानेही कोणाला काही होत नाही, हे मला त्या नगरच्या बाईंनी शिकवलं होतं. ते मी त्या दिवशी बोलले नाही. गयाबाईला सोडवताना मी दुसऱ्या कोणावर तरी दार लावून घेतलं. तेवढा धीर झाला नाही, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

साहेबांनी सांधे धरलेल्या पाच जणींची हजेरी नऊला घ्यायचं कबूल केलं. पुढे दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बायका बसून पेरं मोजायच्या, आणि कोणाचं कितव्यावर अडलं याची चेष्टा चालायची. गयाबाई उन्हाळ्यापर्यंत नवावर आली. सुरुवातीला मी तिथे बसायची खरी, पण माझं लक्ष रस्त्याकडे असायचं, कारण बातमी डॉक्टरांपर्यंत कधी पोचतेय याची मी वाट बघत होते. ती पोचायला आठवडा लागला. आरोग्य केंद्राचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. तपासणी पुढच्या महिन्यात होती ती आता सोमवारी, सकाळी नऊ वाजता, हजर राहावे.

आईला चिठ्ठी वाचून दाखवली. सोमवारी तिने वाळू दोनदा परतली. पण थंडीचे दिवस, एसटीच्या गारठ्यात दीड तास बसून पोचेपर्यंत पुरचुंडी थंडगार झाली होती. मी बाकावर बसून पेरं मोजत होते. सहावर अडत होते.

मोठे डॉक्टर कडक होते. त्यांनी आत बोलावलं, टेबलावर औषधाची काचेची कुपी ठेवली, सिरिंज ठेवली आणि म्हणाले, कुपी फोडून औषध भरून दाखवा. मी हात पुढे केला. बोटं कुपीभोवती मिटेनात. ती माझ्या हातून घरंगळली आणि टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. मला वाटलं, संपलं. आणि मग मला आठवलं की मी एका साहेबाकडे जाऊन दुसऱ्या बाईसाठी काय मागितलं होतं. तिच्यासाठी मागताना मला लाज वाटली नव्हती.

मी म्हटलं, “साहेब, मला अकरा वाजता तपासा.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. विचारलं, आणि बाळंतपण पहाटे आलं तर? मी सांगितलं, कढत पाण्यात पंधरा मिनिटं हात ठेवले की चालतात, आजवर तसंच करत आले, आणि यापुढे गावची दाई सोबत घेईन. ते म्हणाले, ज्या दिवशी नाहीच चालले त्या दिवशी? मी म्हटलं, “त्या दिवशी मी आधी सांगेन. आजवर सांगितलं नाही, ती माझी चूक.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि हाताने बाहेर जा अशी खूण केली. जायचं म्हणजे घरी की बाकावर, ते मला कळलं नाही. मी बाकावर बसले. ते दोन तास मी कसे काढले ते मला विचारू नका. शिपायाने दयेने चहा दिला, तो कप मी दोन्ही हातांनी धरला आणि संपल्यावरही सोडला नाही.

अकराला त्यांनी पुन्हा बोलावलं. मी कुपी फोडली, सिरिंज भरली, सुईत दोरा ओवला, गाठ मारली. मूठ पूर्ण मिटली नाही, पाऊण मिटली. त्यांनी ती आपल्या दोन बोटांभोवती मिटायला सांगितली आणि बोटं ओढून बघितली. मी सोडली नाहीत. मग त्यांनी बराच वेळ लिहिलं.

आईला वाचता येत नव्हतं. ती दारातच उभी होती. मी तिला कागद वाचून दाखवला. कामास योग्य. बाळंतपणास दाई सोबत असावी. हातांची तपासणी सकाळी अकरा वाजता केली.

तिने विचारलं, “अकरा कशाला लिहिलंय?”

मी म्हटलं, “मी मागून घेतले. त्यांनी दिले.”

तिने कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाली, “नुसतं मागायचं होतं, तर तीन वर्षं गप्प का राहिलीस?”

मला संताप आला. रोज सकाळी माझे हूक लावून मला गप्प राहायला सांगणारी तीच होती. मी म्हटलं, “तूच सांगितलं होतंस.”

“मी भ्यायले होते,” आई म्हणाली. “तू शिकलेली होतीस.”